गणपती ते देवदिवाळी: फुकट सॉफ्टवेअरवर घरच्या रोषणाईला ताल द्या

बाजारातली माळ आठ ठराविक चाली करते. एक माळ पागोळीला (कौलांच्या खालच्या कडेला) आणि दुसरी तुळशीला लावली, तर दोघी आपापल्या चालीने चालतात, आणि आरती तिसऱ्याच लयीत सुरू असते. हे जुळवायचं, म्हणजे ध्रुवपदाला पागोळी उजळावी, टाळ वाजला की वृंदावन लकाकावं, गजराला माडांवरून उजेड वर चढत जावा, यासाठी महागडं काहीही लागत नाही. सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. खर्च येतो तो दिवे, वीजपुरवठा आणि तारांचा, आणि तो पहिल्या दिवशी करायचाही नसतो.

हा लेख आमच्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांसाठी आहे: चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, खळ्यात (अंगणात) वृंदावन आणि कडेला दोन माड. पाऊस, खारं वारं आणि अधूनमधून जाणारी वीज धरूनच सगळं सांगतो आहे. परदेशातल्या मार्गदर्शनात बर्फाचा विचार असतो, मिठाचा नसतो.

माझा आग्रह एकच आहे. अख्खा खेळ आधी संगणकाच्या पडद्यावर उभा करा आणि दिवे त्यानंतर विकत घ्या. सॉफ्टवेअरला दिवे जोडलेले आहेत की नाहीत याने काही फरक पडत नाही; घराच्या फोटोवर ते सगळं जसंच्या तसं चालवून दाखवतं. आषाढ-श्रावणात घराबाहेर काही करता येत नाही, तेव्हा घरात बसून हे काम उत्तम होतं. गणपतीत मखर, माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली पानाफळांची चौकट) आणि पडवीच्या आतल्या भागापुरते दिवे लावायचे आणि बाहेरची रोषणाई पाऊस सरल्यावर दिवाळीपासून करायची. पुढे तुळशीचं लग्न, त्रिपुरारी पौर्णिमा आणि मार्गशीर्ष प्रतिपदेची देवदिवाळी आहेच. वेंगुर्ला-मालवणकडच्या ज्या घरांत नाताळचा गोठा आणि तारा असतो, त्यांनाही हेच सगळं लागू आहे.

दिवा कसा ऐकतो

या कामाच्या दिव्यांना पिक्सेल म्हणतात. माळेतल्या प्रत्येक दिव्यात डब्ल्यूएस२८११ जातीची एक बारीक चिप असते. माळेला तीन तारा असतात: धन, ऋण आणि माहितीची. कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारी छोटी पाटी, माहितीच्या तारेवर रंगांची लांबलचक रांग सोडतो. पहिला दिवा त्यातला पहिला रंग, म्हणजे २४ बिट, स्वतःसाठी ठेवून घेतो आणि उरलेली रांग पुढे ढकलतो. दुसराही तेच करतो. त्यामुळे शंभराव्या दिव्याला नेमका शंभरावा रंग मिळतो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. माळेला दिशा असते. दिव्यावरचा बाण किंवा आत-बाहेरची खूण पाहूनच ती लावायची. उलटी लावली तर एकही दिवा पेटत नाही. दुसरं म्हणजे एका दिव्याला आपला रंग घ्यायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे काहीच अडचण नाही. पण एकाच तारेवर १००० दिवे ओढले तर ३० मिलिसेकंद होतात, आणि दर २५ मिलिसेकंदांनी बदलणारी चित्रं तिथे पोचत नाहीत. तेवढे दिवे झाले तर ते दोन-तीन तारांवर वाटावे लागतात.

कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी

मुख्य सॉफ्टवेअर एक्सलाइट्स. ते मुक्त स्रोताचं आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतं. घराचा नकाशा, गाण्याशी जुळवणी, इफेक्ट, सगळं यातच होतं. व्हिक्सन नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं. मी एक्सलाइट्स धरून लिहितो आहे.

आवाजाच्या कामाला ऑडॅसिटी लागतं. दिव्यांच्या जवळ बसणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या पाटीत, म्हणजे आपल्या कंट्रोलरमध्ये, डब्ल्यूलेड हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर घालायचं. आणि रोज संध्याकाळी कोणी संगणक उघडून बसू नये म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर, ज्याला सगळे एफपीपी म्हणतात. ही सगळी फुकट आहेत. त्या-त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.

घर पडद्यावर आणा

संध्याकाळी, उजेड अजून थोडा असताना, खळ्याच्या टोकाला उभं राहून घराचा समोरून फोटो काढा. लोक जिथून पाहणार तिथूनच काढायचा. फोटो आडवा हवा आणि त्यात दोन्ही माड पूर्ण यायला हवेत.

एक्सलाइट्स पहिल्यांदा उघडलं की ते 'शो फोल्डर' विचारतं. यासाठी एक नवा, वेगळा फोल्डर करा आणि गाणी, फोटो, सगळं त्याच्याच आत ठेवा. मग संगणक बदलला तरी हा एक फोल्डर उचलून नेला की काम झालं.

आता 'लेआउट' या टॅबवर जा, घराचा फोटो पार्श्वभूमी म्हणून लावा आणि तिची प्रखरता बरीच खाली आणा, म्हणजे रात्रीचा भास होईल. वरच्या पट्टीत मॉडेलची, म्हणजे दिव्यांच्या मांडणीच्या आकारांची, चित्रं आहेत. त्यातलं हवं ते निवडून फोटोवर ओढायचं. उदाहरणासाठी ३०० दिव्यांचं घर धरू:

पागोळीला १० मीटरची सरळ रेघ, दिव्यांत १० सेंटिमीटर अंतर, म्हणजे १०० दिवे. मॉडेल 'सिंगल लाइन'. पागोळी कोपऱ्यात वळत असेल तर 'पॉली लाइन'.

वृंदावनाच्या दर्शनी बाजूला चौकट, ५० दिवे. मॉडेल 'विंडो फ्रेम'. वर, खाली आणि बाजूला किती दिवे बसतात ते प्रत्यक्ष टेप लावून मोजा आणि तेच आकडे भरा.

आकाशकंदिलाला ५० दिवे. चांदणीचा कंदील असेल तर 'स्टार' पुरतं. पारंपरिक कंदील असेल तर 'कस्टम' घ्या: चौकटींचा कागद उघडतो, त्यात दिवा १ कुठे, २ कुठे असे आकडे भरत जायचं. दिवे वेडेवाकडे बसवले असतील तर एक्सलाइट्समध्ये आणखी सुंदर सोय आहे. ते एकेक दिवा लावत जातं, तुम्ही त्याचं चित्रीकरण करायचं, आणि त्या चित्रफितीवरून ते स्वतःच सगळ्या दिव्यांच्या जागा शोधतं. माटोळीत पानाफळांमधून दिवे ओवले असतील तर याच्याइतका सोपा मार्ग नाही.

माडांना प्रत्येकी ५०. खोडाला गुंडाळलं तर निम्मे दिवे मागे जातात आणि वाया जातात. त्यापेक्षा माळ दर्शनी बाजूने २५ दिवे वर न्या आणि हातभर अंतर सोडून २५ खाली आणा. मॉडेल 'व्हर्टिकल मॅट्रिक्स', माळ एक, दिवे ५०, पट्ट्या दोन. माळ परतीच्या वाटेवर उलटी येते हे सॉफ्टवेअरला बरोबर कळतं, आणि वर चढणारा उजेड दोन्ही पट्ट्यांवर एकदमच चढतो.

प्रत्येक मॉडेलला मराठी नाव द्या: पागोळी, वृंदावन, कंदील, माड-डावा, माड-उजवा. मग दोन गट करा: 'दोन माड' आणि 'सगळं घर'. अर्धं काम गटांवरच होतं. गटाला इफेक्ट दिला की तो पूर्ण घराचा एक पडदा समजून पसरतो, म्हणजे डाव्या माडापासून निघालेला उजेड पागोळीवरून उजव्या माडापर्यंत जातो. प्रत्येक मॉडेलवर तोच इफेक्ट वेगवेगळा हवा असेल तर 'रेंडर स्टाइल'मध्ये 'पर मॉडेल' निवडा. हा फरक एकदा करून पाहिला की लगेच उमगतो.

ताल पकडा

इथे घाई करू नका. रोषणाई जुळलेली वाटते ती इफेक्ट भारी असल्यामुळे नाही, ताल बरोबर पकडल्यामुळे.

गाणं म्हणून घरच्याच आरतीचं ध्वनिमुद्रण वापरा. मोबाइल उशीवर ठेवून, टाळ वाजवणाऱ्यापासून थोडा लांब ठेवून, अख्खी आरती मुद्रित करा. आजीचा आवाज, मुलांचा चढा सूर, शेवटचा गजर, हे सगळं त्यात येऊ द्या. कुणाच्या मालकीच्या गाण्याचा प्रश्न राहत नाही, आणि घरच्यांना ते ऐकताना जे वाटतं ते विकतच्या गाण्यात मिळणार नाही. ऑडॅसिटीत सुरुवातीची कुजबुज आणि शेवटचा गोंधळ कापा, आवाज सारखा करा आणि एमपी३ म्हणून साठवा. कापाकापी आत्ताच पुरी करा. जुळवणी झाल्यावर सुरुवातीचे दोन सेकंद कापले तर सगळ्या खुणा दोन सेकंदांनी सरकतात.

एक्सलाइट्समध्ये 'न्यू सिक्वेन्स', मग 'म्युझिकल सिक्वेन्स' आणि ती फाइल. ते विचारतं, किती वेळाने चित्र बदलायचं? ५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला २० चित्रं, २५ म्हणजे ४०. आरतीला ५० पुरेसे आहेत आणि वायफायवरचा भारही निम्मा राहतो. झपाट्याचं ढोल-ताशाचं वादन असेल तरच २५ घ्या.

आता 'टायमिंग ट्रॅक' म्हणजे खुणांच्या पट्ट्या. मी तीन करतो. पहिली 'भाग': कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, गजर. दुसरी 'सम'. भजनी ठेका ८ मात्रांचा असतो; दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एक खूण. तिसरी 'टाळ', प्रत्येक ठोक्याला. गाणं चालू करायचं आणि ठोक्यावर कीबोर्डवरचं इंग्रजी 'टी' दाबत जायचं, खूण तिथे पडते. हे काम घरात जो पखवाज किंवा ढोलकी वाजवतो त्याच्याकडे द्या. त्याची बोटं बरोबर समेवर येतात.

ठोके आपोआप शोधणारे प्लगइनही मिळतात आणि यंत्रावर बनलेल्या गाण्याला ते छान बसतात. पण घरच्या आरतीत लय हळूहळू चढत जाते, दोन टाळ मागेपुढे होतात, आणि यंत्र गोंधळतं. ऑडॅसिटीत खुणा केल्या असतील तर त्या मजकूर फाइल म्हणून काढून एक्सलाइट्समध्ये घेता येतात.

इफेक्ट: थोडे आणि जागेवर

डावीकडे मॉडेलची नावं, समोर वेळेचा तक्ता. वरच्या पट्टीतून इफेक्ट उचलायचा आणि हव्या मॉडेलच्या ओळीत, दोन खुणांच्या मध्ये सोडायचा. रंग, वेग आणि दिशा बाजूच्या खिडक्यांत बदलतात. इफेक्ट कित्येक आहेत, पण पहिल्या आरतीला पाच पुरतात.

'ऑन' म्हणजे स्थिर उजेड. वृंदावनाला संपूर्ण आरतीभर हाच द्या, मंद, समईसारखा. लाल २५५, हिरवा १०० आणि निळा ०, एवढ्यावर शेंदरी-पिवळा तेजाळ रंग येतो. हळदीचा हवा असेल तर हिरवा १७० पर्यंत न्या. पांढरा शक्यतो टाळाच. तो डोळ्याला टोचतो आणि सगळ्यात जास्त वीज खातो.

'सिंगल स्ट्रँड' म्हणजे पागोळीवर धावणारा उजेडाचा तुकडा. कडव्यात समेपासून समेपर्यंत एक फेरी. 'बार्स' म्हणजे माडांवर खालून वर चढणाऱ्या पट्ट्या, ध्रुवपदाला. 'शिमर' टाळाच्या खुणांवर, फक्त कंदिलाला. आणि 'ट्विंकल' शेवटच्या गजराला सगळ्या घरावर.

प्रत्येक इफेक्टच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडा 'फेड' द्या, पाव सेकंद पुरे. एवढ्यानेच बाजारातल्या माळेचा खडखडाट जातो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा अख्खं घर उघडझाप करेल असं काही ठेवू नका. अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला त्याने झटका येऊ शकतो, आणि बाकीच्यांनाही ते बघवत नाही.

सुरुवातीलाच सगळी ओळ भरून टाकायचा मोह आवरा. कडव्यात माड पूर्ण काळोखात असतील, तरच ध्रुवपदाला ते पेटल्यावर मुलं ओरडतील.

झालं की 'रेंडर ऑल' करून साठवा. शो फोल्डरमध्ये एक्सएसक्यू फाइल तयार होते, ती तुमची लिहिलेली वही. आणि एफएसईक्यू फाइल, जी पुढे दिव्यांकडे जाते. 'हाउस प्रिव्ह्यू' उघडून घरच्यांना दाखवा. बदल सांगितले तर आत्ताच करा. अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

प्रत्यक्ष चालू असलेल्या आरतीशी मात्र ही जुळवणी बसणार नाही, कारण माणसं रोज वेगळ्या लयीत म्हणतात. त्या वेळेसाठी ईएसपी३२ ला आयएनएमपी४४१ हा छोटा माइक जोडा आणि डब्ल्यूलेडमधले आवाजावर चालणारे इफेक्ट लावा. टाळ जोरात वाजला की दिवे उसळतात. ध्वनिमुद्रित खेळ आरती झाल्यावर, पाहुणे पडवीत बसलेले असताना लावायचा.

कंट्रोलर आणि पहिला दिवा

आता खरेदी. ५० दिव्यांच्या सहा माळा, १२ व्होल्टच्या, रबरी आवरणात भरलेल्या बंद पिक्सेलच्या. उघड्या पट्ट्या आमच्या हवेत बाहेर लावू नका. सोबत ईएसपी३२, ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल उंचावणारी चिप, ३३० ओहमचे थोडे रोधक, १२ चे ५ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर आणि पॉवर सप्लाय. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो आणि दिव्यांना तो ५ च्या जवळ हवा असतो. चिप न लावताही टेबलावर दिवे पेटतात, पण चार हात तार वाढली की ते भलतेच रंग दाखवू लागतात.

डब्ल्यूलेड घालायला क्रोम किंवा एज ब्राउझर आणि माहिती वाहून नेणारी यूएसबी केबल लागते. फक्त चार्जिंगची केबल चालत नाही. डब्ल्यूलेडच्या इन्स्टॉल पानावरून बटण दाबून ते पाटीत उतरतं. मग मोबाइलच्या वायफायमध्ये 'डब्ल्यूलेड-एपी' दिसतं. पासवर्ड म्हणजे डब्ल्यूलेडची चार इंग्रजी अक्षरं, सगळी लहान, आणि पुढे १२३४. आत गेल्यावर ब्राउझरमध्ये ४.३.२.१ हा पत्ता उघडा आणि घरच्या वायफायची माहिती भरा. राउटरमध्ये या पाटीचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलेल आणि एक्सलाइट्सला ती सापडणार नाही.

डब्ल्यूलेडच्या एलईडी सेटिंगमध्ये माहितीच्या तीन तारा नोंदवा: पहिलीवर पागोळीचे १००, दुसरीवर वृंदावन आणि कंदील मिळून १००, तिसरीवर माडांचे १००. तिथेच करंटची मर्यादा असते. ती मुळात ८५० मिलिअँपिअर इतकी कमी ठेवलेली असते, आणि दिवे मंद दिसण्याचं कारण बहुधा तीच निघते. तुमच्या सप्लायप्रमाणे ती वाढवा.

एक्सलाइट्सच्या 'कंट्रोलर्स' टॅबवर इथरनेट कंट्रोलर जोडा, तोच आयपी पत्ता भरा आणि प्रोटोकॉल, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, डीडीपी निवडा. ई१.३१ ही जुनी पद्धतही चालते, पण तिच्यात ५१२ चॅनेलचा एक गठ्ठा असतो. एका दिव्याला तीन चॅनेल, म्हणजे एका गठ्ठ्यात १७० दिवे, आणि ३०० दिव्यांना दोन गठ्ठे सांभाळावे लागतात. डीडीपीत हा हिशेब नाही. मग 'व्हिज्युअलाइज' उघडून प्रत्येक मॉडेल त्याच्या तारेवर ओढून ठेवा, डब्ल्यूलेडच्याच क्रमाने.

टेबलावर एकच माळ जोडून 'टूल्स'मधलं 'टेस्ट' चालवा. लाल सांगितल्यावर हिरवा पेटला तर रंगांचा क्रम उलटा आहे. सेटिंगमध्ये आरजीबीच्या जागी जीआरबी करा. सहाही माळा अशाच एकेक करून रात्रभर चालवून पाहा. पन्नासातला एखादा दिवा आधीच कच्चा असेल तर तो शिडीवर चढायच्या आधी सापडावा.

विजेचा हिशेब

१२ व्होल्टचा साधा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. ५० दिव्यांची माळ ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट. सहा माळा १८ अँपिअर, २१६ वॅट. प्रत्यक्षात प्रखरता ३० टक्क्यांवर ठेवली तरी खेड्यातल्या काळोखात ती भरपूर होते, आणि तेव्हा हा भार साधारण ६५ वॅटवर येतो. तरी सप्लाय १२ व्होल्ट २० अँपिअरचाच घ्यावा असं माझं मत आहे. सेटिंग कधी चुकून बदललं तरी तो दमत नाही आणि एरवी गार राहतो.

१२ व्होल्ट का, तर अंतरासाठी. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवरून ३ अँपिअर १० मीटर लांब नेले तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. १२ मधून ०.७ गेले तर दिव्यांना कळतही नाही. ५ व्होल्टच्या माळेत तेवढेच गेले तर टोकाचा पांढरा रंग तांबूस होतो, कारण निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. १२ व्होल्टच्या माळांनाही दर ५० ते १०० दिव्यांनी सप्लायवरून ताजी धन-ऋण जोडणी द्या. प्रत्येक जोडणीवर ५ अँपिअरचा फ्यूज लावा. आणि सप्लाय, ईएसपी३२ व सगळ्या माळांच्या ऋण तारा एकत्र जोडलेल्या असल्या पाहिजेत. त्या नसतील तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

२३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच करून घ्या. या वाटेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. ओल्या खळ्यात अनवाणी मुलं फिरत असतात. १२ व्होल्टच्या तारा खळ्यातून जाऊ द्या, २३० व्होल्टची एकही जाऊ देऊ नका. सप्लाय पडवीच्या आत, भिंतीवर, छातीच्या उंचीला.

खारं वारं

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात तांब्याचा उघडा जोड एका मोसमात हिरवा पडतो. माहितीच्या तारेवर एवढा गंजही पुरतो आणि पुढची अख्खी माळ काळोखात जाते. म्हणून जोड कमी ठेवा, आणि जे असतील ते डाग देऊन करा. नुसते पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळू नका. वरून आत गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवा. कथील चढवलेली तार मिळाली तर तीच घ्या. सुटे करायचे जोड तीन पिनांच्या, रबरी कडी असलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरचे असू द्या आणि जोडण्याआधी आत किंचित सिलिकॉन ग्रीस भरा.

भेगा बुजवायला सिलिकॉन वापरताना नळी उघडून आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते नको. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं मागा.

कंट्रोलरच्या डब्यात तारा खालच्या बाजूनेच शिरू द्या. शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली पोट द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या पोटातून ठिबकेल, डब्यात जाणार नाही. डब्याच्या तळाला बारीक भोक ठेवा. पूर्ण बंद डब्यात रात्री दव धरतं आणि ते बाहेर पडायला जागा राहत नाही. आत सिलिका जेलची पुडी टाका.

माडाखाली डबा ठेवू नका. नारळ किंवा झावळ पडली तर तो उरत नाही. पडवीपासून माड लांब असतील तर तिथे दुसरा ईएसपी३२ वेगळ्या छोट्या डब्यात, खोडापासून बाजूला, कुंपणावर बसवा. खोडाला खिळे मारू नका, रुंद कापडी पट्ट्यांनी माळ बांधा. कौलांनाही काही चिकटवायचं नाही. पागोळीची माळ एका सरळ प्लास्टिक पट्टीत १० सेंटिमीटरवर भोकं पाडून ओवा आणि ती पट्टी वाशांना बांधा. दिवे सरळ रेषेत राहतात आणि अख्खी पट्टी एकदम उतरवता येते.

चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय फार दुबळं होतं. राउटर माजघरात असेल तर पडवीत एक जुना राउटर तारेने जोडून ठेवा. दिवे मध्येच थबकून उडी मारत असतील तर आधी हेच तपासा.

रोज आपोआप

रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर एफपीपीची प्रतिमा उतरवा, पाय चालू करा आणि ब्राउझरमधून त्याचं पान उघडा. एक्सलाइट्सच्या 'टूल्स'मध्ये 'एफपीपी कनेक्ट' आहे. त्यातून एफएसईक्यू, आरतीची ध्वनिफाइल आणि कंट्रोलरची माहिती एकदमच तिकडे जाते. मग प्लेलिस्ट करा आणि वेळापत्रक लावा.

वेळापत्रकात घड्याळाची वेळ देण्याऐवजी 'सनसेट' निवडता येतं. त्यासाठी अक्षांश-रेखांश भरावे लागतात, मालवणसाठी १६.०६ उत्तर आणि ७३.४७ पूर्व चालतील. मग गणपतीपासून देवदिवाळीपर्यंत सूर्यास्त जसा अलीकडे येतो तसे दिवेही आपोआप लवकर लागतात. बंद व्हायची वेळ मात्र घड्याळाची ठेवा. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. परदेशात लोक गाणं छोट्या एफएम प्रक्षेपकावरून गाडीतल्या रेडिओवर सोडतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ते करता येत नाही. पडवीतला साधा स्पीकर पुरे.

वीज गेली तर? पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. दोघांना मिळून फार वीज लागत नाही, आणि अचानक बंद पडल्याने मेमरी कार्ड बिघडायची भीती जाते. दिवे इन्व्हर्टरवर नकोत. वीज परत आल्यावर डब्ल्यूलेड कोणत्या अवस्थेत उठेल हे ठरवता येतं: मंद शेंदरी उजेडाचा एक प्रिसेट करून तो 'बूट'ला लावा. तेवढ्यात एफपीपीकडून माहिती यायला लागली की डब्ल्यूलेड तिकडे वळतं. मेमरी कार्डाची एक तयार प्रत काढून कपाटात ठेवा.

घर वाळूला लागून असेल तर

वेळास, आंजर्ले आणि अशा कित्येक किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं वाळूतून बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे जातात, आणि निसर्गात ती बाजू समुद्राची असते. घरावरची रोषणाई त्यांना उलट दिशेला ओढते. अशा गावात समुद्राच्या बाजूला एकही दिवा लावू नका, माडही गावाकडच्याच बाजूने सजवा आणि त्रिपुरारीनंतर दिवे सूर्यास्तानंतर तासाभरात बंद होतील असं वेळापत्रक ठेवा. वनखात्याचे किंवा गावातले कासवमित्र असतील तर लावण्याआधी त्यांना दाखवा. एफपीपीमध्ये दिवाळीची आणि नंतरची अशा दोन वेगळ्या प्लेलिस्टी करायला पाच मिनिटं लागतात.

देवदिवाळी झाली की दिवे उतरवा; वर्षभर वर ठेवलेली माळ खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. उतरवताना प्रत्येक माळेला मॉडेलचं नाव आणि सुरुवातीचं टोक दाखवणारी चिठ्ठी बांधा. ओल्या फडक्याने, गोड्या पाण्याने पुसा, सावलीत दोन दिवस वाळवा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. वृंदावनाचे आकडे, तारांचा क्रम आणि आयपी पत्ता एका कागदावर लिहून त्याच डब्यात टाका आणि शो फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. माडाचं खोड जाडीने वाढत नाही, त्याच पट्ट्या पुढच्या वर्षीही पुरतील.